पिछला शाफ्ट

पोत्यातून काढलेले ट्रकच्या शाफ्टचे दोन तुकडे बाकावर ठेवून बांधकाम खात्याचा ड्रायव्हर बलभीम बाजूला झाला. फकरुद्दीन मिस्त्रीनं त्यातला आखूड तुकडा उचलला, चष्मा कपाळावर सरकवला आणि तुटलेलं तोंड डोळ्याजवळ नेलं. लोखंड एका झटक्यात तुटलं तर त्याचं तोंड सगळीकडून सारखं असतं, राखाडी, दाणेदार, चमकणारं. हे तसं नव्हतं. अर्धं तोंड चमकत होतं. उरलेलं अर्धं काळं पडलेलं, गुळगुळीत, आणि त्याच्या कडेला एक तांबूस रेघ. म्हणजे अर्धा शाफ्ट परवा तुटला होता, आणि अर्धा त्याच्या कितीतरी आधीपासून तुटत आला होता. चार महिने. मोजायची गरजच नव्हती, कारण हा शाफ्ट दसऱ्याला याच बाकावरून गेला होता. झिजलेल्या दात्यांवर वेल्डिंगची भर घालून, लेथवर तासून, कानशीनं एकेक दाता जमवून फकरुद्दीननंच तो नीट केला होता. चीर खांद्यावर होती. जाड भाग संपून दाते सुरू होतात त्या जागेला तो खांदा म्हणायचा. भर घालताना तिथलं लोखंड तापतं आणि रुसतं. धाराशिवात हे तोंड वाचू शकणारा एकच माणूस होता, आणि नशीब असं की चूकही त्याचीच होती.

"काय दिसतंय चाचा?" बलभीमनं विचारलं. त्याच्या कपाळाला पट्टी होती आणि ती बांधणाऱ्यानं डावा डोळा अर्धा झाकून टाकला होता. फकरुद्दीन म्हणाला, "बघतो." मग तुकडा पालथा ठेवून, तोंड बाकाच्या लाकडाकडे करून, त्यानं विचारलं, "झालं कसं ते सांग." बलभीम सांगू लागला. किती जणांना सांगून झालं असेल कुणास ठाऊक. "घाटाचं तिसरं वळण. तामलवाडीच्या खाणीवरनं खडी भरून तुळजापूरला चाललो हुतो. दुसऱ्या गिअरात. बंदुकीवानी आवाज झाला आन् इंजिन नुसतंच बोंबलाया लागलं. गाडी जरा थांबली, मग मागं. हँडब्रेक वढला तर नुसता दांडा हातात." फकरुद्दीननं मान हलवली. गिअरपेटीतून मागच्या चाकांना जोर देणारा तो हा शाफ्ट, आणि त्या गाडीच्या हँडब्रेकचा ड्रमही याच्याच टोकाला बसतो. शाफ्ट मोडला की ड्रमही त्याच्याबरोबर निखळून खाली लोंबतो. भरल्या गाडीला घाटात पायाचा ब्रेक तो कितीसा पुरणार. बलभीमनं आरशात बघत गाडीचा मागचा भाग डोंगराच्या अंगाला घातला, म्हणून दरीत गेली नाही. खडीवर बसलेल्या दोघांनी उड्या टाकल्या. तिसरी शिवम्मा, नळदुर्गाकडची, खाणीवर खडी फोडायला येणारी. ती उडी टाकायची राहिली. गाडी आदळल्यावर खडी सगळी तिच्या अंगावर आली. मांडीचं हाड दोन जागी मोडलं. सोलापूरला दवाखान्यात आहे, बलभीम म्हणाला, वाचेल म्हणतात, चालंल का न्हाय ते देवीला ठावं.

आणि खात्याचे ओव्हरसियर वसंतराव काय म्हणतात, असं फकरुद्दीननं विचारलं. ते म्हणतात, गाडीला चारी चाकांचा जोर दिलाय तो कशाला? भरली गाडी घाटात चढवताना पुढची चाकं जोडायला हवी होती. जोडली असती तर ओझं दोन शाफ्टांवर वाटलं गेलं असतं. जोडली नाहीत, क्लच एकदम सोडला, सगळा झटका पिछल्या शाफ्टवर आला आणि तो तुटला. चूक ड्रायव्हरची. "पुढची चाकं जोडली न्हवती व्हय रे?" फकरुद्दीननं विचारलं. "न्हाय चाचा. रस्ता सुका खडखडीत. सुक्या रस्त्याला पुढची जोडली तर गाडी आपलेच टायर खाती, गिअरपेटी आवळती. तुमीच शिकवलंय की." ते खरं होतं. चिखलात, वाळूत जोडायची, डांबरावर नाही, हे फकरुद्दीननंच त्याला शिकवलं होतं. आणि त्यानं ते मनापासून ऐकलं होतं. "मला कालपास्नं बसवलंय. चावी काढून घेतली," बलभीम म्हणाला. "उद्या जबाब हाय. मिस्त्री काय म्हणतो त्येच्यावर साहेब लिवणार. तुमी सांगा चाचा. माझी चूक असंल तर तसं सांगा, म्या न्हाय म्हणत न्हाय. पर माझी न्हाय चूक." त्याच्या पट्टीतून दिसणाऱ्या अर्ध्या डोळ्यात पाणी आलं होतं आणि त्याला ते लपवता येत नव्हतं. तेरा वर्षांची नोकरी. खात्याचा खाकी कोट घालून तो सासुरवाडीला जायचा. फकरुद्दीन पुन्हा एवढंच म्हणाला, "बघतो," आणि आपल्याच आवाजाची त्याला शिसारी आली.

तो गेल्यावर तुकडा उलटून फकरुद्दीन त्या तांबूस रेघेवर नख घासत बसला. गंज असेल. चिरेत ओल गेली की गंज येतोच, आणि गंज तांबडाच असतो. पण नखात आलेला रंग त्यानं उजेडात धरला, अंगठ्यानं चोळला, पुन्हा धरला, आणि त्याला ठरवता येईना. कारण त्या जागेवर कुंकूही होतं. त्यानं स्वतः पाहिलं होतं. शाफ्ट बनवून झाला की तो कधीही तसाच देत नसे. त्याच्या उस्तादानं हैदराबादला मारून मारून शिकवलेली गोष्ट होती. रात्रभर घासलेटात बुडवायचा, सकाळी कोरडा पुसायचा, वर खडूची पूड भुरभुरायची आणि चार तास हात लावायचा नाही. कुठं केसाएवढी जरी चीर असली तरी आत शिरलेलं घासलेट हळूहळू बाहेर येतं आणि पांढऱ्या खडूवर ओली रेघ उमटते. डोळ्याला जे दिसत नाही ते खडूला दिसतं. त्या दिवशीही त्यानं सगळं केलं होतं. सकाळी खडू लावला आणि तो जेवायला घरी गेला. खंडेनवमी होती. त्या दिवशी दुकानात कोणी हत्याराला हात लावत नाही, त्यांची पूजा होते. परत आला तेव्हा पूजा मांडून झाली होती. लेथला झेंडूची माळ, पाने, कानशी, हातोडे ओळीनं धुऊनपुसून ठेवलेले, आणि त्यांच्या मधोमध, पाटावर, तो शाफ्ट. बलभीम आणि त्याची बायको सत्यभामा तामलवाडीहून पहाटेच निघून आली होती. गाडी आपली, शाफ्ट आपल्या गाडीचा, मग पूजेत तो नको का? बलभीमनं ओल्या हातानं त्याला हळद लावली होती, कुंकू लावलं होतं, आणि खांद्यावर, बरोबर खांद्यावर, पाच बोटं ठळक उठवली होती. खडू आणि कुंकू कालवून गुलाबी चिखल झाला होता.

त्या वेळी त्याचा हात चिंध्यांकडे गेला होता, हे फकरुद्दीनला पक्कं आठवत होतं. चिंधी घासलेटात बुडवायची, शाफ्ट पुसायचा, पुन्हा खडू लावायचा, अजून चार तास. काही अवघड काम नव्हतं. दुकानात शेजारचा सुतार होता, सायकलवाला होता, त्यांची बायकामुलं होती, सत्यभामा नारळ घेऊन उभी होती. त्याचा हात चिंधीपर्यंत गेला आणि त्यानं चिंधी उचलून आपलाच हात पुसला. "चाचा, परसाद," बलभीम म्हणाला, आणि फकरुद्दीननं दोन्ही हातांची ओंजळ पुढं केली. दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, शाफ्ट बसवताना बेअरिंगची जागा पुसावीच लागली, दाते पुसावेच लागले. खांद्याकडं चिंधी नेली तेव्हा गाडीखाली वाकून बघणारा बलभीम म्हणाला, "तेवढी बोटं ऱ्हाऊ द्या चाचा. तिथं कशाला काय घासत न्हाय." खरंच तिथं काही घासत नव्हतं. फकरुद्दीननं बोटं राहू दिली. मधे बलभीम पाणी प्यायला म्हणून उठून गेला होता, चांगली पाच मिनिटं. तेव्हाही पुसता आलं असतं. त्या पाच मिनिटांत फकरुद्दीन गाडीखाली उताणा पडून पाच बोटांकडे नुसता बघत होता, आणि मनात म्हणत होता, दुसऱ्याच्या धर्माचा अदब राखावा. सण आहे. माणूस श्रद्धेचा आहे. इतकी वर्षं शाफ्ट बनवतोय, माझ्या हातून कधी चीर पडली आहे?

अदब हा शब्द त्याला फार जवळचा होता. बाप निजामाच्या मोटारखात्यात जमादार होता, आणि मोठ्यांपुढं कसं बसावं, पान कसं घ्यावं, कुणाच्या घरी जोडे कुठं काढावेत हे त्या घरात भाकरीबरोबर शिकवलं जाई. दसऱ्याची पूजा तर दुकानात बापाच्या वेळेपासून होती. फकरुद्दीनला आठवत होतं, पूर्वी त्या दिवशी कसली मौज असायची. थोरला भाऊ चाँदपाशा हातोड्याला कुंकू लावायच्या निमित्तानं सुताराच्या नाकाला लावायचा, सुतार त्याच्या पाठीत हळदीचा पंजा उठवायचा, आणि घासलेटच्या चिंधीनं एकमेकांना पुसत दुपार जायची. पुसणं न पुसणं हा विचारच कुणाच्या डोक्यात नव्हता. मग अठ्ठेचाळीस साल आलं. आधी रझाकारांनी उच्छाद मांडला. बलभीमच्या मामाचं घर धान्यासकट जाळलं, मामा आत होता. मग सप्टेंबरात फौज आली, निजाम गेला, आणि फौजेच्या मागून जे लोक आले ते फौजेतले नव्हते. चाँदपाशा तेरला बायकोच्या माहेरी गेला होता. परतीच्या वाटेवर तो कुणाला शेवटचा दिसला ते कधी कळलं नाही. त्यानं आयुष्यात कुणाला बोटही लावलं नव्हतं, हे सांगायचं तरी कुणाला. दुकान पाच महिने बंद होतं. आणि ते ज्यानं उघडायला लावलं तो हाच बलभीम, तेव्हा नुकता गाडीवर लागलेला, मामाच्या दुःखातून उठलेला. दाराशी येऊन म्हणाला होता, "चाचा, दुकान उघडा. गाडी बंद पडलीया. दुसऱ्या कुणाला जमंना." मामाबद्दल तो बोलला नाही, चाँदपाशाबद्दल फकरुद्दीन बोलला नाही. तेव्हापासून दोघांनीही तो विषय कधी काढला नाही, आणि फकरुद्दीनला वाटायचं, हीच तर दोस्ती. दसऱ्याची पूजा पुढच्या सालीही झाली, नंतरही होत राहिली. फक्त आता नारळ तो स्वतः चांगला निवडून आणायचा, झेंडू जास्त आणायचा, कुणी काही म्हणायच्या आत ओंजळ पुढं करायचा. नाकाला कुंकू लावायचा खेळ कधी बंद झाला ते त्याच्या ध्यानातही आलं नव्हतं.

दुपारी जेवताना नसीमबीनं नवऱ्याच्या ताटातली भाकरी तशीच राहिलेली पाहिली आणि काय झालं ते सगळं त्याच्या तोंडून काढून घेतलं. तीस वर्षांच्या संसारात हे काम तिला आता अवघड राहिलं नव्हतं. बाहेर कुणाची तरी बैलगाडी करकरत गेली. मग ती खालच्या आवाजात म्हणाली, "तुम नक्को बोलो जी. काम जाता तो जाने दो, पर कुंकू का नाम मुँह से नक्को निकालो. लोगां क्या बोलेंगे? मियाँ बोलता कुंकू की वजह से गाडी गिरी." फकरुद्दीन म्हणाला, "कुंकू का नाम मैं कायकू लेतूं? मैं बोलतूं, खडू लगायाच नहीं. मेरी गलती." ती म्हणाली, "फिर सरकारी काम गया." तो म्हणाला, "गया." मग तिनं विचारलं, "और तुम चुप रहे, तो?" या प्रश्नाला उत्तर फार सोपं होतं. चुप राहिलं तर बलभीम जाईल. दुसरं काहीही होणार नाही. काळं तोंड कुणाला वाचता येत नाही, तांबूस रेघ गंजाची म्हणून खपेल, आणि शाफ्ट भट्टीत घातला की तीही उरणार नाही. फकरुद्दीननं हे सगळं एका क्षणात, पाढ्यासारखं, मनात म्हणून पाहिलं आणि त्याला स्वतःची भीती वाटली. नसीमबीनं भाकरी उचलून फडक्यात बांधली. "शिवम्मा कित्ती बरस की है?" तिनं विचारलं. त्याला ते माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी उजाडेपर्यंत नवा शाफ्ट बसवायचा असा वसंतरावांचा हुकूम होता. नवा म्हणजे काय, तर खात्याच्या आवारात लिंबाखाली तशीच एक दुसरी गाडी कित्येक वर्षं मरून पडली होती. त्याच घडणीची, लढाईनंतर लष्करानं विकून टाकलेल्यांपैकी. तिचा शाफ्ट काढून हिला लावावा, असं फकरुद्दीन दसऱ्याच्या आधीच म्हणाला होता. तेव्हा उत्तर आलं, ती गाडी निकालात काढायची मंजुरी वरून यायची आहे, तोवर तिच्या नटालाही हात लावता येणार नाही. म्हणून तर जुन्यावर भर घालायची पाळी आली. आता एका दिवसात मंजुरी आली होती. सरकारला जाग यायला कुणाचं तरी हाड मोडावं लागतं, असं मनात येऊन फकरुद्दीन मेल्या गाडीखाली शिरला. लिंबोळ्या आणि मुंग्या झटकत त्यानं शाफ्ट सोडवला. गाडी मेली होती, पण शाफ्ट तिला शोभत नव्हता इतका नेटका होता. दाते जवळजवळ कोरे. तरीही रात्रभर नाही तर दुपारभर त्यानं तो घासलेटात ठेवला, दिवेलागणीला पुसला, खडू लावला, आणि या खेपेस बाकासमोर स्टूल टाकून राखण करत बसला. कुणी आलं असतं तर त्यानं हाकलून दिलं असतं. पांढऱ्या शाफ्टकडे बघत बसताना त्याला वाटलं, आपल्या अंगावर जर कुणी असा खडू लावला तर? तेरा वर्षांत किती जागी ओल फुटेल? ओव्हरसियरसमोर बोलताना आवाज आपोआप खाली येतो तिथं. गणपतीची वर्गणी मागायला पोरं आली की ती पायरी चढायच्या आत हात खिशात जातो तिथं. बसमध्ये कुणी शेजारी बसलं की अंग चोरतं तिथं. हे सगळं अदब म्हणून वर्षानुवर्षं आपण स्वतःला विकत आलो. आणि अदब असता तर पुसलंच असतं. ज्याच्याबद्दल अदब आहे त्याला घाटात मरायला पाठवतात का? चिंधी उचलून हात पुसला तो हात भ्यायलेला होता. भ्याला कुणाला? सुताराला? सायकलवाल्याला? त्या वेळी नजर वळली होती ती बलभीमकडे. बलभीमचा चेहरा कसा होईल, इकडे. हे मनात आलं तेव्हा फकरुद्दीनला रडू आलं. पन्नाशी ओलांडलेला माणूस, हात काळे, डोळे पुसायची सोय नाही. खडूवर कुठंही ओली रेघ उमटली नव्हती. शाफ्ट निर्दोष होता. त्यानं तो गिअरपेटीत बसवला, ड्रम चढवला, नट आवळून त्यावर पिन ठोकली आणि हँडब्रेक ओढून पाहिला. चाकं जागच्या जागी धरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी वसंतराव आवारातच टेबल टाकून बसले. साताऱ्याकडचा माणूस, राज्य एक झाल्यावर इकडं बदलून आलेला, कागदाला कागद जुळला की सुखी होणारा. वाईट नव्हता. बलभीमला त्यांनी दूर लिंबाखाली उभं केलं होतं. "या मिस्त्री," ते म्हणाले. "मी तुमचा जबाब लिहूनच ठेवलाय, वेळ वाचेल. ड्रायव्हरनं पुढची चाकं न जोडता, भार असताना क्लच एकदम सोडल्यामुळे शाफ्टवर झटका येऊन तो तुटला. सही करा." फकरुद्दीननं पोत्यातून तुकडा काढला आणि कागदावर ठेवला. "साहेब, हे बघा. चमकतंय ते घाटात तुटलं. हे काळं हाय ते चार महिन्यापास्नं तुटतंय. झटक्यानं तुटलं असतं तर सगळं चमकलं असतं. पुढची चाकं जोडली असती तरी आज ना उद्या हे जाणारच हुतं." वसंतरावांनी चष्मा सारखा केला, तुकडा फिरवून पाहिला, आणि थोडा वेळ खरोखरच बघत राहिले. "म्हणजे चीर आधीपासून होती?" "व्हय साहेब. भर घातली तवाच पडली असंल." "आणि तुम्हांला कळली नाही?" "कळली असती. तपासायची रीत हाय. म्या तपासलं न्हाय." हे वाक्य त्यानं रात्रीपासून घोकून ठेवलं होतं आणि ते सरळ बाहेर पडलं. वसंतरावांनी लेखणी खाली ठेवली. "अहो मिस्त्री, तुम्हांला कुणी विचारलं तरी होतं का? हात दाखवून अवलक्षण कशाला? हे लिहिलं तर खात्याचं काम तुमच्याकडं राहणार नाही. आणि त्या बाईनं दावा लावला तर तुमचं नाव येईल." त्यांचा स्वर रागाचा नव्हता, काळजीचा होता, आणि त्यामुळे उभं राहणं जास्त अवघड झालं. "लिहा साहेब," फकरुद्दीन म्हणाला. "त्या बाईचं हाड माझ्या हातानं मोडलंय. बलभीमचा त्यात काही कसूर न्हाय. त्यानं तर गाडी वाचवली." आवाज खाली गेला नव्हता. ते त्याच्या स्वतःच्याच कानाला नवं वाटलं.

वसंतरावांनी पहिला कागद फाडला, नवा घेतला, हळूहळू लिहिलं, वाचून दाखवलं. फकरुद्दीननं उर्दूत सही केली. मग त्यांनी खणातून गाडीची चावी काढली, बलभीमला हाक मारली, त्याच्या हातावर ठेवली, आणि "उद्यापासून या कामावर," एवढं म्हणून ते कागद गोळा करून आत गेले. बलभीम चावी मुठीत धरून तसाच उभा राहिला. आता हा पाया पडेल, की मिठी मारेल, की शिव्या देईल, फकरुद्दीनला काही सुचेना. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यानं हत्यारांची पेटी आवरायला घेतली.

"चाचा," बलभीम म्हणाला, "तुमी खोटं बोलला."

"काय खोटं?"

"तपासलं न्हाय म्हणाला. खडू हुता त्या शाफ्टला. म्या डोळ्यानं बघितलाय. म्याच त्येच्यावर कुंकू फासलं." तो एक पाऊल पुढं आला. पट्टी आज कपाळावर नीट बसली होती आणि दोन्ही डोळे दिसत होते. "त्या कुंकवाखाली चीर हुती व्हय?"

फकरुद्दीन पेटीचं झाकण लावू लागला. "तुझ्याकडं काही न्हाय त्यातलं. मिस्त्री मी हाय. पुसायचं काम माझं."

"मग पुसायचं की! बलभीम, जरा पूस, म्हणायचं. म्या माझ्या धोतरानं पुसलं असतं. देवीला काय, दुसऱ्यांदा लावलं असतं कुंकू." त्याचा आवाज चढला आणि एकदम उतरला. "का न्हाय पुसलं, चाचा?"

उत्तरं पुष्कळ होती. सण होता. तुझी श्रद्धा. चार माणसं जमली होती. प्रत्येक उत्तर गोड होतं, आणि प्रत्येक उत्तर त्यानं आजवर कुठं ना कुठं वापरलं होतं. बलभीम त्याच्या तोंडाकडे बघत होता. बघता बघता त्याच्या चेहऱ्यावरचा राग गेला आणि तिथं दुसरंच काहीतरी आलं.

"मला भ्यालात व्हय?" त्यानं अगदी हळू विचारलं.

"व्हय," फकरुद्दीन म्हणाला.

"त्या दिशी?"

"नव्हं. तवापास्नं."

कधीपासून ते बलभीमनं विचारलं नाही. तो गाडीच्या पायरीवर बसला, चावी शेजारी ठेवली, आणि दोन्ही तळहात मांडीवर उलटे करून बघत राहिला. आत कचेरीत कुणीतरी मोठ्यानं हसलं. फकरुद्दीननं पेटी उचलली आणि पुन्हा खाली ठेवली.

"तेरा वर्सं," बलभीम म्हणाला. "आन् मला वाटायचं, तवा दुकानाचं दार तुमी माझ्यासाठी उघडलं, दोस्तीखातर."